आप्पा, या वेळी ऑइल खालून काढलं

आप्पा, काल रविवारी गाडीचं ऑइल बदललं. खालून. प्लग उघडून, अगदी तुमच्या पद्धतीनं. झालं समाधान? हसू नका. तुम्ही हसताय हे मला इथं बसूनही कळतंय, कारण हसायच्या आधी तुम्ही चष्मा काढायचात.

तुमचं तेरावं होऊन थोडेच दिवस झालेत. विलास परवा मस्कतला परत गेला. जाताना म्हणाला, "वैजू, ती गाडी आता काढून टाक. नाहीतर निदान गॅरेजला तरी देत जा. आप्पा होते तोवर ठीक होतं." तुमचा मुलगा आहे, पण गाडीतलं त्याला तेवढंच कळतं जेवढं मला क्रिकेटमधलं. मी म्हटलं, बघू. माझ्या 'बघू'चा अर्थ काय होतो ते त्याला लग्नापासून माहीत आहे.

सोसायटीतले लोक विचारत होते, मास्तरांबद्दल चार ओळी लिहून द्या, नोटीस बोर्डावर लावू. जन्म कुठला, शाळेत किती वर्षं शिकवलं, वगैरे. मी त्यांना विलासकडे पाठवलं. मला ते जमणार नाही. मला तुमच्याशी भांडायचंय. आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय, आणि काल त्या भांडणात असं काही निघालं की तुम्हाला सांगितल्याशिवाय चैन पडत नाहीये.

पण आधी पहिल्यापासून सांगते. तुम्हाला सगळं माहीत आहे, तरी ऐका. माझी पाळी आहे.

रिटायर झाल्यावर लोक काशीला जातात, तुम्ही सेकंडहँड गाडी आणलीत. पांढरी, दारं नीट न लागणारी, हॉर्न सोडून सगळं वाजणारी. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेला माणूस, नखं कायम स्वच्छ, आणि एकदम बॉनेटमध्ये डोकं घालून उभा. आई म्हणाल्या, "ह्यांचं डोकं फिरलंय." मीही तेच म्हटलं, पण मनात. तेव्हा मी नवी सून होते.

मग माझी नोकरी आली. ठाणे-बेलापूर रोडच्या केमिकल कंपनीत, लॅबमध्ये. दर पंधरवड्याला सेकंड शिफ्ट. सुटायच्या वेळेला बसचा भरवसा नाही, रिक्षावाले वाशीचं नाव काढलं की मान फिरवणार. विलास तिकडे मस्कतला. मी म्हटलं, नोकरी सोडते. आईही म्हणाल्या, सोड. तुम्ही पेपर खाली ठेवलात आणि म्हणालात, "नोकरी कशाला सोडायची? गाडी शीक."

त्या वेळी आपल्या अख्ख्या सोसायटीत बाईमाणूस गाडी चालवत नव्हतं. खालच्या मजल्यावरच्या काकू आईंना चार दिवस टोमणे मारत होत्या. तुम्हाला त्याचं काही नाही. तुम्ही फक्त एक अट घातलीत, "जो गाडी चालवणार त्यानं तिचं तेल स्वतः बदलायचं. दुसऱ्यानं बदललेलं तेल खरंच बदललं का, ते देवालाच ठाऊक."

त्या एका वाक्यानं माझी नोकरी वाचली, आप्पा. हे मी तुम्हाला कधी म्हटलं नाही. सून सासऱ्याला असं काही म्हणत नाही, चहा देते. तर आता म्हणते, थँक यू.

तुमचं ऑइल बदलणं म्हणजे सोहळाच असायचा. रविवारी सकाळी गाडी मार्केटपर्यंत फिरवून आणायची, म्हणजे इंजिन तापून तेल पातळ होतं. मग डावीकडची दोन चाकं फूटपाथवर चढवायची, म्हणजे खाली शिरायला जागा होते. आधी वीट, मग गीअर, मग हँडब्रेक. हा क्रम चुकला की माझी शाळा. जमिनीवर जुने पेपर, कारण तेलाच्या डागावरून सेक्रेटरी ओरडायचे. पेपरांवर डबा आडवा कापून केलेली परात. मग तुम्ही बनियनवर, गोणपाट अंथरून, उताणे होऊन आत सरकायचात. बाहेर फक्त पाय.

त्या पायांवरून मला सगळं कळायचं. अंगठा ताठ झाला की समजायचं, प्लग अडकलाय. पाय सैल पडले की निघाला. मग काळी धार, मग बारीक धार, मग थेंब. आणि आतून तुमचा आवाज, "निथळू दे. घाई नको. तळाचा गाळ शेवटी येतो." तुम्ही बाहेर यायचात, आपण दोघं फूटपाथवर बसून चहा प्यायचो आणि ते थेंब बघायचो. नवीन तेल ओतायचं, काठी बुडवून पातळी बघायची, जुनं तेल डब्यात भरून ठेवायचं, ही माझी कामं. खाली मात्र मला जाऊ द्यायचा नाहीत. "खालचं डिपार्टमेंट माझं," म्हणायचात.

ते डिपार्टमेंट माझ्याकडे कसं आलं, आठवतं ना? आठवणारच. खंडेनवमी.

दसऱ्याला गाडीची पूजा, मग तिच्या पोटात जुनं तेल कसं ठेवायचं, असं म्हणून तुम्ही आदल्या दिवशी, नवमीला सकाळी, ऑइल काढायला घेतलंत. निथळत ठेवलंत आणि आंघोळीला वर आलात. येताना पाना घेऊन आलात, मोरीत धुवायला. आईंनी तोवर पाट मांडलेला. त्यावर विळी, अडकित्ता, कात्री, माझ्या शिवणमशीनची चाकी. धुतलेला पाना चकचकीत दिसला, आईंनी तो उचलून पाटावर ठेवला. हळद, कुंकू, अक्षता, वर झेंडूचं फूल. संपला विषय.

तुम्ही टॉवेल गुंडाळून बाहेर आलात. "अगं, पाना कुठाय?"

"पूजेला."

"प्लग बसवायचाय मला."

"उद्या बसवा. पूजेतलं हत्यार आज उचलायचं नाही."

"हत्यार कसलं? पाना आहे तो!"

"आणि विळी काय तलवार आहे? तिलाही मी हात लावत नाहीये. म्हणून तर सकाळीच भाजी चिरून ठेवली."

बावीस भागिले सातवर पोरांना रडवणारा माणूस, पण बायकोच्या पाटापुढं तुमचं काही चाललं नाही. तुम्ही मुकाट्यानं खाली गेलात, प्लग हातानंच जमेल तेवढा आवळलात, मी वरून नवं तेल ओतलं. "उद्या पूजा हलली की घट्ट करू," म्हणालात. दुसऱ्या दिवशी दसरा. हार, नारळ, चाकाखाली लिंबू, आईंचं श्रीखंड. आणि पाना राहिला पाटावर. माझ्याही लक्षात नाही, तुमच्याही नाही.

संध्याकाळी आपण सोनं द्यायला तळवलीला निघालो, गणपतशेठकडे. त्यांच्या मुलांना तुम्ही दहावीचं गणित शिकवलेलं, तेव्हापासूनचा घरोबा. मी चालवत होते. तुम्ही शेजारी पांढऱ्या झब्ब्यात, आई मागं, मांडीवर आपट्याची पानं. तळवलीच्या वळणाशी लाल दिवा लागला. तेलाचा. मी त्याच क्षणी इंजिन बंद केलं आणि गाडी कडेला घेतली. तुम्ही शिकवलेलं, "लाल दिवा लागला की विचार करायचा नाही, बंद करायचं." आणखी थोडं रेटलं असतं तर इंजिन जागच्या जागी बसलं असतं, आणि मग कसली गाडी आणि कसली सेकंड शिफ्ट.

गाडी ढकलत गावात नेली. गणपतशेठ ओटीवरूनच ओरडले, "आवं मास्तर, तुमची गारी रस्ताभर तेल सांडीत आली! मागं बगा, पिवली रेघ हाय. लोकं सोना वाटतान, तुमी सांडीत आलाव!"

तुम्ही घाईनं म्हणालात, "गणपतशेठ, पाना आहे का?"

"पाना हाय ना. पन तो पूजेला हाय."

आई मागच्या सीटवर तोंडाला पदर लावून हसत होत्या. तुम्ही मागं वळून ज्या नजरेनं बघितलंत त्यांच्याकडे! शेवटी गणपतशेठच्या म्हाताऱ्या आई उठल्या. त्यांनी पाटावर चार अक्षता टाकल्या, हात जोडले, म्हणाल्या, "देवा, काम निंगालाय, रागावू नको." आणि कुंकू लावलेला पाना तुमच्या हातात दिला.

आता खाली जाणार कोण? गणपतशेठनी आपल्या पोटावर हात ठेवला. "मी खाली गेलो तं गारी वर उचलंल." तुम्ही झब्ब्याच्या बाह्या वर करायला लागलात. मी म्हटलं, नाही. लग्नातला झब्बा आहे तो. म्हाताऱ्या आईंनी मला आपल्या सुनेचा जुना गाऊन दिला, मी साडी सोडून तो चढवला आणि पहिल्यांदा त्या गाडीच्या खाली गेले. दसऱ्याच्या दिवशी, केसात गजरा, गाडीच्या पोटाखाली. वर बघते तर प्लगमधून सोनेरी थेंब एकामागून एक. पाना लावला, जोर लावला. तुम्ही बाहेर उकिडवे बसून माझे पाय बघत होतात, मला माहीत आहे, कारण तुम्ही म्हणालात, "अंगठा ताठ झाला. आता बास. जास्त आवळलास तर आटे जातील."

गणपतशेठनी टेम्पोसाठी आणून ठेवलेलं तेल काढून दिलं. भाजी घेऊन रोज एपीएमसी मार्केटला जाणारा टेम्पो, त्याचं तेल तुमच्या लाडक्या गाडीला! तुमचं तोंड असं झालं होतं जसं कोणी चहात मीठ घातलंय. घरी येताना मात्र तुम्ही निकाल दिलात, "चूक माझी नाही, तुझ्या सासूची नाही. चूक खंडेनवमीची आहे." त्या वर्षापासून आपल्या घरात दसऱ्याचं ऑइल अष्टमीला बदललं जातं. आणि त्या दिवसापासून खालच्या डिपार्टमेंटला माझीही भरती झाली.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेण्यासारखं. मग तुमच्या छातीत दुखलं.

हॉस्पिटलातून घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, जमिनीवर सरपटायचं तर बिलकूल नाही. ते 'सरपटायचं' कुठून आलं, सांगू? मी आधीच त्यांच्या केबिनमध्ये जाऊन आले होते. म्हटलं, डॉक्टर, आमचे सासरे गाडीखाली जातात, ते नाव घेऊन बंद करा. आणि तुम्ही घरी आल्यावर पहिला प्रश्न काय विचारलात? "ऑइलची तारीख उलटून गेली का गं?"

तेव्हापासून मला एकच टेन्शन. या माणसाला गाडीखाली जाऊ द्यायचं नाही. बाकी काहीही होऊ दे. पण तुम्हाला 'तुम्ही आजारी आहात' असं तोंडावर म्हणायची माझी हिंमत नव्हती. पहिल्यांदा मी एकटीनं खाली जाऊन बघितलं. तर तुम्ही काय, शेजारी उकिडवे. मग गुडघ्यावर. मग एक हात जमिनीला टेकून, मान आत घालून, "डावीकडे, डावीकडे, अगं तुझ्या डावीकडे!" धाप लागलेली, कपाळावर घाम. मला कळून चुकलं की मी खाली असले तर तुम्ही येणारच. तुम्हाला थांबवायचं तर खाली कोणीच जाता कामा नये.

म्हणून तो पंप आला, आप्पा. आज सांगते. तुम्हाला मी सांगितलं होतं की ही आधुनिक पद्धत आहे, हात खराब होत नाहीत, प्लगचे आटे झिजत नाहीत, सेक्रेटरी ओरडत नाहीत. सगळं खरं. पण मी तो आणला तुमच्यासाठी. आमच्या लॅबनं भंगारात काढलेला हातपंप, साहेबांना विचारून घरी आणला, नवीन वायसर घातले, एक बारीक नळी जोडली. काठी काढायची, त्या भोकातून नळी तळापर्यंत सोडायची, दांडा मागंपुढं करायचा की काळं तेल वरूनच बाटलीत. जमिनीला पाठ लावायचं कामच नाही.

तुम्ही बघत राहिलात. म्हणालात, "इंजिनाला उलटी सलाइन लावलीस."

"उलटी का असेना, लागली ना?"

"वरून ओढलेलं तेल म्हणजे वरवरचं. गाळ खाली बसतो. तो तुझ्या नळीला काय हाक मारणार आहे?"

आणि सुरू झालं आपलं भांडण. तुम्ही गणितवाले, मी लॅबवाली. शेवटी प्रयोग करायचं ठरलं. मी पंपानं सगळं तेल ओढलं, नळी कोरडी घरघरायला लागेपर्यंत. मग खाली जाऊन प्लग उघडला. अर्धी वाटी निघालं, डांबरासारखं काळं. तुम्ही फूटपाथवर टाळी वाजवलीत. खरीखुरी टाळी, लहान पोरासारखी! पुढच्या वेळी मी उलटं केलं. आधी प्लग, पूर्ण निथळू दिलं, मग वरून पंप. तर पंपातही अर्धी वाटी! गाडी एका बाजूला कललेली ना, फूटपाथवर चढवून. तेल दुसऱ्या कोपऱ्यात साचून राहिलेलं. आता टाळी माझी. तुम्ही म्हणालात, हा गाडीच्या कलण्याचा दोष, पद्धतीचा नाही. मी म्हटलं, फूटपाथवर चढवल्याशिवाय तुमची पद्धत चालतच नाही, म्हणजे दोष पद्धतीचाच. आई गॅलरीतून म्हणाल्या, "दोन्ही अर्ध्या वाट्या एकत्र करा आणि वर या, पोळ्या गार होतायत."

ते तिथंच राहिलं. पण त्या दोन्ही वेळी मी खाली असताना तुम्ही माझ्यामागं जमिनीवर बसलात, म्हणून मी जाहीर केलं, प्रयोग बंद. यापुढं फक्त पंप. मला वाटलं तुम्ही महिनाभर तरी वाद घालाल. तुम्ही चष्मा काढलात, पुसलात, परत घातलात आणि म्हणालात, "बरं. तुझं खरं."

मी उडालेच! मस्कतला फोन करून विलासला सांगितलं, अरे, आप्पा हरले. तो म्हणाला, शक्य नाही, नीट बघ.

नीट बघायला हवं होतं. तुम्ही एकच अट ठेवली होती. तेल ओढून झालं की लगेच नवीन ओतायचं नाही. निथळू द्यायचं. मी म्हटलं, आप्पा, वरून ओढल्यावर निथळायचं काय राहतं? म्हणालात, "इंजिनाच्या अंगाला चिकटलेलं असतं ते खाली उतरतं. तेवढ्या वेळात तू वर जा, चहा टाक. मी बसतो इथं." बरोबर वाटलं. गाडी सवयीनं फूटपाथवर चढवलेली असायचीच. मी वर जायचे. आणि वर गेलं की आईंचं काहीतरी काम निघायचंच. कांदा चिर, डबे काढून दे, त्या पोह्यांत खोबरं घाल. चहा उकळून उकळून कडू व्हायचा. मग तुम्ही गॅलरीकडे बघून हाक मारायचात, "वैजू, ये, झालं निथळून!"

आणि तुमच्या बनियनवर पाठीला, खांद्याच्या खाली, काळा पट्टा. दर वेळी. मी तुम्हाला किती बोलले असेन, आप्पा! "भिंतीला टेकून बसू नका, पार्किंगची भिंत मळकी आहे, तो डाग निघत नाही." तुम्ही मान हलवायचात. "बरं बाई, नाही टेकत."

सेकंड शिफ्ट सुटली की मी त्या रस्त्यानं एकटी यायचे. दोन वर्षांत गाडी एकदाही बंद पडली नाही. मी सगळ्यांना सांगायचे, माझ्या पंपाची कमाल. आमच्या लॅबमधल्या दोघांनी तर माझ्याकडून बघून तसलेच पंप बनवून घेतले. तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "छान. त्यांना निथळू द्यायला सांग."

असो. कालचं सांगते.

विलास गेल्यावर घर एकदम मोठं वाटायला लागलं. आई देवघरात बसून राहतात. ऑइलची वेळ झालेलीच होती. पंप काढला, नळी जोडली, आणि हात चालेना. वाटलं, एकदा तुमच्या पद्धतीनं करू या. आता खाली गेले तर मागं कोण येणार आहे? हा विचार आला आणि मी गाडीच्या बॉनेटवर डोकं टेकून रडले. पहिल्यांदा. तेराव्यापर्यंत पाहुण्यांच्या चहापाण्यात रडायला वेळच मिळाला नव्हता.

मग गाडी फिरवून आणली, फूटपाथवर चढवली. आधी वीट, मग गीअर, मग हँडब्रेक. दोन वर्षं न उघडलेला प्लग, गंजून बसलेला असणार, म्हणून हातोडीही घेतली, पान्याला लांबी द्यायला पाइपचा तुकडा घेतला. अंथरायला काहीतरी हवं म्हणून पार्किंगच्या खांबामागं बघितलं, तर तुमचं गोणपाट. नीट घडी घालून ठेवलेलं. मला वाटलं, जुनंच पडून राहिलंय. पण त्यावर दोन वर्षांची धूळ नव्हती.

खाली सरकले. पाना लावला, दात आवळून जोर लावला आणि पाना माझ्या तोंडावरच आपटला असता. प्लग लोण्यासारखा फिरला! गंज नाही, चिखल नाही. कडा पान्यानं घासून लखलखीत. आणि आत तांब्याचा नवा वायसर. नवा, आप्पा. मी तर त्या प्लगला दोन वर्षं हात लावला नव्हता.

मी तशीच पडून राहिले. काळी धार परातीत पडत होती आणि मला एकेक दिसत होतं. निथळू दे. तू वर जा. चहा टाक. भिंतीला टेकून बसू नका. बरं बाई, नाही टेकत.

आधी राग आला, खोटं कशाला बोलू. या माणसाला खाली जाऊ द्यायचं नाही म्हणून मी पंप आणला, आणि हा माणूस माझी पाठ वळली की गोणपाट अंथरून खाली! काही झालं असतं म्हणजे? खाली असताना छातीत कळ आली असती म्हणजे? मी वर खोबरं किसत बसले असते. नशीब की तुम्ही गेलात ते घरात, पंख्याखाली, दुपारच्या झोपेत, आणि शेवटचं ऑइल बदललं त्याला तेव्हा कितीतरी महिने होऊन गेले होते. हे मी मनात दोनदा मोजून घेतलं, मगच माझा जीव भांड्यात पडला.

मग नुसतं हसू यायला लागलं. एकटीच गाडीखाली हसतेय. वॉचमन येऊन वाकून बघून गेला.

थेंब सुटायला लागल्यावर मी बाहेर आले आणि वर गेले. आई ओट्याशी उभ्या होत्या. चहा ठेवलेला होता, मी न सांगता. मी पाणी प्यायला वळले आणि माझी पाठ त्यांच्याकडे झाली. माझ्या कुर्त्यावर, खांद्याच्या खाली, त्यांनी हात ठेवला आणि म्हणाल्या, "भिंतीला टेकली होतीस वाटतं?"

मी गर्रकन वळले. "आई! तुम्हाला माहीत होतं?"

"मग तुला दर वेळी कांदे चिरायला कशाला बसवत होते?" त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ओठ हसत होते. "ऐकणार होते का ते? पहिल्या वेळी मी गॅलरीतून बघितलं आणि खूप भांडले. तर म्हणाले, पोर त्या रस्त्यानं रात्रीची एकटी येते, इंजिनात गाळ ठेवून मला झोप लागत नाही. आणि तिला सांगू नकोस, तिनं माझ्यासाठी पंप आणलाय."

तुम्हाला माहीत होतं, आप्पा. पंप कोणासाठी आणला ते तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आणि मी दोन वर्षं जिंकल्याच्या तोऱ्यात फिरत होते.

आईंना म्हटलं, चला खाली. त्या या गाडीच्या ऑइलला कधी खाली आल्या नव्हत्या, काल आल्या. दोन कप चहा घेऊन फूटपाथवर बसल्या, तुमच्या जागेवर. मी प्लग बसवला, पाव फेरा, जास्त नाही. मग वरून नळी सोडून पंप मारला. अर्धी वाटी निघाली, बरं का. म्हणजे तुम्ही जिंकलात असं मी लिहून देणार नाही. तुम्ही खालून काढत होतात आणि मी वरून, म्हणून ती गाडी चालली. नवीन तेल ओतलं, काठी बुडवून बघितली. जुनं तेल गणपतशेठसाठी डब्यात भरून ठेवलंय, त्यांच्या गोठ्याच्या दारांना लागतं.

विलासला फोन करून सांगितलं, गाडी विकायची नाही. कारण विचारलं तर म्हटलं, आईंना विचार.

आता दोन्ही डिपार्टमेंटं माझी. पुढच्या वेळी पंपानं ओढून झालं की मी आईंना सांगेन, जरा चहा टाका, आणि तुमचं गोणपाट अंथरून खाली जाईन. आईंनी ते धुवायला मागितलं होतं. मी म्हटलं, राहू द्या, आणि घडी घालून परत खांबामागं ठेवून आले.